शिट्टी वाजवणाऱ्या कवळीचं पोस्टर

मी पोस्टर बोलतोय. व्याकरणात मी नपुंसकलिंगी, तेव्हा खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं. पण निर्जीव वस्तू बोलायला लागली की ती 'बोलतोय' असंच म्हणते, ही सवय तुम्हीच लावलीत. असो. मला शुद्धलेखनापेक्षा मोठी दुखणी आहेत.

पोस्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सिनेमा आला असेल, नाहीतर निवडणूक. माझी जात वेगळी. मी परिषदेतला. एखाद्या धंद्यातली माणसं दोन दिवस एकत्र जमतात, भाषणं करतात, चहा पितात, एकमेकांना कार्डं देतात. ज्यांची वट असते त्यांना सभागृहात भाषण मिळतं. बाकीच्यांना बाहेर व्हरांड्यात एक उभी फळी मिळते. त्या फळीवर आम्हाला टोचतात.

स्वभावानं मी अस्वस्थ. त्यात माझा दोष नाही. कागद कारखान्यातून येतानाच गुंडाळलेला येतो, आणि छापून झाल्यावर लोक पुन्हा गुंडाळतात. मग सरळ उभं राहा म्हटलं तर राहायचं कसं? चार टाचण्यांनी धरून ठेवलं तरी मधून पोट सुटतंच.

माझी मालकीण कवळ्या बनवते. दंतवैद्य नाही हं. दंतवैद्य तोंडात बघतात, ती तोंडात कधीच बघत नाही. दवाखान्यातून तिच्या लॅबमध्ये जबड्यांचे साचे येतात. त्यांवर ती मेणात दात लावते, मग ऍक्रिलिकची कवळी करते, कानसते, फिरत्या चाकावर पॉलिश करते आणि डबीत घालून दवाखान्यात पाठवून देते. ज्याच्या तोंडात ती कवळी जाणार, तो माणूस हसतो कसा, रागावतो कसा, बोबडं बोलतो की भरभर, तिला काही ठाऊक नसतं. वरात एकीकडे, नवरदेव दुसरीकडे.

पॉलिशमध्ये मात्र तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कवळीच्या टाळूची जिभेकडची बाजू, जी एरवी कुणी बघतही नाही, तीही ती अशी घासायची की ट्यूबलाइट दिसावी. लॅबमध्ये तिचं नावच पडलं होतं 'चकाकी'. 'चकाकी, फोन आलाय.' 'चकाकी, ही कवळी जरा तुझ्या हाताखालून जाऊ दे.' तिलाही ते नाव आवडायचं. का आवडू नये? माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट तरी दुसऱ्यापेक्षा बरी यावी.

लॅबच्या मालकांनी मग ठरवलं की या चकाकीचं पोस्टर करून परिषदेला पाठवायचं. असा माझा जन्म झाला. घरच्या जेवणाच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, मी महिनाभर घडत होतो. माझ्या माथ्यावर मोठं नाव, 'टाळूला आरशाची चकाकी'. मधोमध एका कवळीचा आतून काढलेला झगझगीत फोटो. तळाला निळ्या पट्टीत लॅबचं नाव. देखणा होतो मी, खोटं कशाला बोलू.

पण ज्या टेबलावर मी घडलो, त्याच टेबलाशी एक गोष्ट बिघडत चालली होती आणि ती मी रोज बघत होतो.

फोटोतली ती कवळी तिच्या सासऱ्यांची होती. सासरेबुवा निवृत्त होण्यापूर्वी बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक वळून बघावं. दात गेले तेव्हा सून म्हणाली, "बाबा, काळजी करू नका. घरची सून, घरची कवळी." आपलं सगळं कसब तिनं त्या कवळीत ओतलं. बसलीही अशी चपखल की दातांच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

आणि सासरेबुवांनी पहिलाच शब्द उच्चारला, "मस्त!"

शिट्टी वाजली. चांगली लांब, टोकदार शिट्टी. शेजारच्यांचा कुत्रा शेपूट हलवत दारात येऊन उभा राहिला. सगळे हसले, तेही हसले.

दुसऱ्या दिवशीही वाजली. 'स' आला की शिट्टी. 'चमचा' म्हटलं की त्यातल्या 'च'लासुद्धा अर्धी शिट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फिटिंग उत्तम आहे, सवय होईल." सुनेनं पुढचे दात कानसून पाहिले, कडा पातळ करून पाहिल्या, आणि दर वेळी आतून पुन्हा नवी चकाकी चढवून दिली. शिट्टी जशीच्या तशी.

मग सासरेबुवांनी आपल्यापुरता तोडगा काढला. 'स' टाळायचा. सोमवारला ते 'रविवारच्या पुढचा वार' म्हणू लागले. सकाळ झाली की 'उजाडलं'. साखर मागायची तर 'ती गोड पूड दे'. सुनेला ते पहिल्यापासून 'सूनबाई' म्हणायचे, आता 'मुली' म्हणू लागले. तिला आधी वाटलं, माया वाढली. कारण कळलं तेव्हा ती ताटावरून उठून आत गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. सासूबाईंची नजर गेल्या दोन-तीन वर्षांत अगदी अधू झाली आहे. माणूस कळतो, अक्षर कळत नाही. सासरेबुवा रोज त्यांना पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून 'हरवले आहेत'पर्यंत, लिलावाच्या आवाजात, मधेमधे स्वतःची टीकाटिप्पणी घालून. सासूबाईंचं जग म्हणजे तो आवाज होता. पण पेपरात 'स' टाळायचा कसा? बातमी काही त्यांनी लिहिलेली नव्हती. एके दिवशी त्यांनी वाचता वाचता पेपर मिटला तो मिटलाच. कवळी जेवणापुरती आणि बोलणं गरजेपुरतं. दोघं समोरासमोर बसायचे, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायचा.

मालकांनी परिषदेला जाण्याआधी तिला भरपूर उपदेश केला. "चपला सवयीच्या घाल. ओळखीच्या माणसाबरोबर जेवायला बसू नकोस, ओळख आहेच, नवी कर. पुढच्या रांगेत बस. कार्डं वाट. गेलीस तशी परत आलीस असं होता कामा नये." सगळं बरोबर होतं. मग तिनं हळूच विचारलं, "सर, तिथे एवढे जाणकार येणार, तर ते बाबांच्या शिट्टीचं विचारू का कुणाला?"

मालक खुर्चीतून उठलेच. "अगं, वेडी का काय तू? आपण चकाकी मिरवायला चाललोय, शिट्टी नाही! आपल्याच हातानं आपल्या कवळीची नालस्ती करायची? तोंडातून ब्र काढू नकोस."

ती "बरं" म्हणाली. पण त्या 'बरं'मध्ये काही दम नव्हता. मी कागद असलो तरी एवढं मला कळतं.

प्रवासात मी प्लास्टिकच्या नळीत होतो. नळीतून फक्त अंधार आणि धक्के कळतात, म्हणून प्रवासाचं काही सांगत नाही.

परिषदेच्या इमारतीत खूप काचा होत्या आणि खूप गारठा होता. व्हरांड्यात फळ्यांची रांग. माझी फळी सभागृहाच्या दाराशेजारी आली. जागा मोक्याची, कारण आतलं भाषण कर्ण्यातून बाहेर ऐकू यायचं आणि येणारा-जाणारा माझ्यासमोरूनच जायचा. माझ्या एका बाजूला दातांच्या रंगछटांचं पोस्टर होतं, दुसऱ्या बाजूला एका यंत्राचं. दोघंही माझ्यासारखीच नटलेली. कुठल्याही पोस्टरवर काही बिघडलेलं नव्हतं. जिकडे बघावं तिकडे यश.

लोक यायचे, थांबायचे, मोबाइल काढून माझा फोटो घ्यायचे, "छान, छान" म्हणायचे आणि पुढे जायचे. वाचायचं कुणी नाही. फोटो घेतला म्हणजे वाचून झालं अशी समजूत असावी. ती शेजारी हात मागे बांधून उभी. कुणी जवळ आलं की तिचे ओठ हलायचे, आता विचारते असं वाटायचं, आणि बाहेर काय पडायचं? "हे आमच्या लॅबचं कार्ड."

तिला एका जागी चैन पडेना. या सभागृहात जाऊन बसली की वाटायचं, खरं ते पलीकडच्या सभागृहात चाललं असणार. तिकडे गेली की मागे राहिलेल्या सभागृहातून टाळ्या ऐकू यायच्या. पुन्हा इकडे. दर वेळी माझ्यासमोरून झपाझप. सवयीच्या चपला घातल्या होत्या म्हणून बरं. कवळीच्या ताकदीवर भाषण झालं, रंगावर झालं, कवळी छापणाऱ्या यंत्रावर झालं. कवळी घालून माणूस बोलतो यावर एकही शब्द नाही. जसं काही कवळ्या फक्त हसण्यासाठीच असतात.

एका भाषणानंतर प्रश्न विचारायला माईक फिरला. कर्ण्यातून मी तिचा आवाज ओळखला. "नमस्कार. माझा प्रश्न..." मी टाचण्यांवर ताणला गेलो. विचार गं बाई, विचार! "माझा प्रश्न असा की, पॉलिशसाठी आपण कुठली पेस्ट वापरता?"

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. चहाचा कप तिनं माझ्या फळीच्या पायाशी ठेवला आणि तो तिथेच गार झाला.

तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाईंचा. त्या फोनवर ओरडून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"कशी आहेस गं? जेवलीस का?"

"जेवले आई. बाबा कसे आहेत?"

"कसे म्हणजे? आहेत. पेपर आला, घडी घालून ठेवला. मी म्हटलं, निदान मथळे तरी वाचा. तर उठून खिडकीत जाऊन उभे राहिले. अगं, मला दिसत नाही हे मी सोसलं. पण आता ऐकूही येऊ नये म्हणजे काय? घरात माणूस आहे की नाही हे मला चाचपून बघावं लागतं." मग जरा दूर, "घ्या, बोला तिच्याशी."

फोनवर नुसता श्वास.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"हं," सासरेबुवा म्हणाले. खूप वेळ शब्द निवडत असावेत. "नीट राहा. वेळेवर जेव."

एकही 'स' नाही. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या मधल्या फोटोकडे, त्या झगझगीत टाळूकडे. तसं तिनं मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

ती तरातरा नोंदणीच्या टेबलाकडे गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात जाड काळं मार्कर पेन होतं. मला वाटलं, नवीन कार्डावर काही लिहायचं असेल. तिनं टोपण काढलं. माझ्या फोटोवर, हो, थेट फोटोवर, मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं:

'ही कवळी शिट्टी वाजवते. का? माहीत असेल त्याने थांबावं. माझ्या सासऱ्यांनी बोलणं सोडलंय.'

मला काय वाटलं असेल! महिनाभर घडवलेलं माझं रूप, आणि त्यावर काळं फासलं. शेजारचं रंगछटांचं पोस्टर सळसळलं, ते वाऱ्यानं नाही. मी लाजेनं गुंडाळून घ्यायला बघत होतो, पण टाचण्या सोडतील तर ना.

पहिला माणूस पुढे जाता जाता थबकला. वाचलं. खळखळून हसला, मग जवळ सरकला. "आमचीही वाजते," तो इकडे तिकडे बघत म्हणाला. "एका बाईंची. दवाखान्यातून दोनदा परत आली. मी सांगितलं, सवय होईल."

दुसरा आला. तिसरी आली. मग माझ्यासमोर गर्दीच झाली. कुणी म्हणालं, पुढचे दात मागे घ्या. कुणी म्हणालं, छे, पुढे घ्या. त्यावरून दोघांची जुंपली. यंत्राच्या पोस्टरवाला दाढीवाला म्हणाला, "आमचं मशीन घ्या, शिट्टीचा प्रश्नच नाही." "मशीन ऐकतं का?" कुणीतरी मागून विचारलं, आणि तो चिडला. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बराच वेळ चष्मा पुसत उभे होते. ते म्हणाले, "जन्म गेला कवळ्या करण्यात. पण एकही कवळी बोलताना ऐकली नाही मी. मनातही आलं नाही कधी."



गर्दीतून वाट काढत एक ठेंगण्या बाई पुढे आल्या. त्याही तिच्यासारख्याच कवळ्या बनवणाऱ्या, दुसऱ्या गावच्या. मार्करची अक्षरं वाचून झाल्यावर त्यांनी मागचा फोटो निरखला. "आतून अशीच आहे ती? एवढी गुळगुळीत?"

"हो," ती म्हणाली, आणि सवयीनं आवाजात जरा अभिमान आलाच. "अशी चकाकी आमच्या लॅबशिवाय..."

"अगं बाई, मग हीच तुझी शिट्टी असणार."

त्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला, तोंड फिरवलं, आणि पुढच्या क्षणी रुमालावर त्यांची स्वतःची कवळी होती. तरुणपणी जिन्यावरून पडल्या, तेव्हापासून स्वतःच बनवून स्वतःच वापरतात, असं त्यांनी नंतर सांगितलं. कवळीचा आतला भाग मुळीच चकचकीत नव्हता. पुढच्या दातांमागे बारीक बारीक वळ्या होत्या. तुम्ही जीभ वर लावून पाहा, दातांमागे तुम्हालाही लागतील.

कवळी परत बसवून त्या म्हणाल्या, "जीभ आंधळी असते. वळ्या चाचपत 'स'ची जागा शोधते. तू काय केलंस, तिच्या जिन्याचा कठडाच काढून टाकलास. वर फरशी पुसून ठेवलीस. घसरेल नाहीतर काय?"

"मी तर शिट्टी वाजली की आणखी पॉलिश करत होते," ती हळू आवाजात म्हणाली.

"आपण सगळे तेच करतो. चूक सापडली नाही की चकाकी वाढवतो." मग त्यांनी तिचा दंड धरला. "हे बघ, मी छातीठोकपणे सांगत नाही. दातांचंही काही असू शकेल. आधी मेणाच्या वळ्या कर, मेण काढता येतं. वर पावडर भुरभुरव आणि बोलायला लाव. जीभ जिथे टेकेल तिथली पावडर पुसली जाईल, वाट कुठे अरुंद आहे ते दिसेल. आणि बोलायला काय लावशील?"

"काय?"

"एकसष्ट ते सत्तर मोजायला लाव. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. त्यातून जो सुटला तो कुठेही सुटला."

सगळ्यांनी तिथल्या तिथे मोजून पाहिलं. भर व्हरांड्यात दहा-पंधरा मोठी माणसं जीभ चाचपत 'त्रेसष्ट, चौसष्ट' करत उभी. आतल्या वक्त्याला वाटलं असेल बाहेर लिलाव चाललाय.

नेमके तेव्हाच मालक आले. दुसऱ्या दिवशीच्या समारोपाला ते येणारच होते. गर्दी बघून आधी खुलले, मग माझ्यावरचं वाचलं. चेहरा असा झाला की काय सांगू.

"हे काय केलंस? लॅबचं नाक कापलंस!"

"सर, कवळी माझ्या सासऱ्यांची आहे," ती म्हणाली. "आणि चूक माझ्या पॉलिशची निघाली. आता ती मला सापडलीय. गेले तशी परत चालले नाहीये."

मालकांनी गर्दीकडे पाहिलं. ते खाली वाकले, माझ्या तळाची लॅबचं नाव असलेली निळी पट्टी मागे दुमडली, आणि वर टाचणी मारून निघून गेले. पोस्टरच्या बक्षिसासाठी आलेल्या परीक्षकांनीही मान हलवली. हातानं लिहिलेलं पोस्टर नियमात बसत नाही म्हणे. समारोपाला ती थांबलीच नाही. ठेंगण्या बाईंचा नंबर घेतला, मला टाचण्यांवरून जवळजवळ ओरबाडलं, आणि मिळेल ती गाडी पकडली.

घरी आल्यावर तिनं मला जेवणाच्या टेबलावर पालथा पसरला, मेण सांडू नये म्हणून. माझ्या देखणेपणाची किंमत एवढीच उरली होती.

सासरेबुवांनी लांबूनच हात हलवला. "राहू दे गं, मुली."

"बाबा, एकदा. चूक तुमच्या सवयीची नाही, माझी आहे."

"तू कुठे चुकलीय! तू तर मनापा..." आणि ते थांबले. 'मनापासून' म्हणायचं होतं. 'स' आडवा आला. उरलेला शब्द त्यांनी गिळला आणि मान खाली घातली. मग मुकाट्यानं येऊन बसले.

तिनं गरम सुरीनं मेणाच्या बारीक वळ्या ओढल्या. पावडर भुरभुरवली. "मोजा."

"एकसष्ट." शिट्टी. कवळी काढली, पुसलेली पावडर पाहिली, मेण वाढवलं. "बासष्ट." शिट्टी, पण फाटकी. पुन्हा काढली. आता मेणाचे थेंब माझ्या पाठीवर पडत होते. सासरेबुवा बोबडे झाले, 'बाशष्ट' म्हणू लागले, म्हणजे मेण जास्त झालं. खरवडलं. पुन्हा. मला वाटत होतं, संपलं सगळं, ती बाई थापा मारून गेली.

"त्रेसष्ट," सासरेबुवा म्हणाले.

काही वाजलं नाही.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "त्रेसष्ट. त्रेसष्ट! चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट!" आवाज चढत चढत बाजारात पोहोचला.

स्वयंपाकघरातून सासूबाई भिंत धरत आल्या. "काय लावलंय त्रेसष्ट त्रेसष्ट?"

"सांगतो!" सासरेबुवा गरजले. "सगळं सांगतो! ते सूप! रोज संध्याकाळी ते भोपळ्याचं सूप! नको मला सूप! सूप नको, सूप नको, सूप नको!"

सासूबाई म्हणाल्या, "अहो, मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगू कसं? 'सूप' म्हणता येत होतं का मला?"

"मान तरी हलवायची!"

"हलवली की! रोज हलवली! तुला नीट दिसत नाही, तू सगळ्यांना सांगायचीस, 'बघा, कसे डोलतायत, आवडलं त्यांना,' आणि वर आणखी एक वाटी!"

सासूबाईंनी खुर्ची चाचपली आणि बसल्या. त्या भांडायला लागल्या. इतके महिने भोपळा किसून बोटं दुखली माझी, तुम्हाला कदर नाही, तुम्ही पहिल्यापासूनच असे, असं त्या तावातावानं म्हणत होत्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सासरेबुवा एकाला दोन उत्तरं देत होते. मुद्दाम 'स'चे शब्द हुडकून हुडकून. दुपार कलली तरी भांडण संपेना. सून माझ्या कडेला डोकं टेकून, खांदे गदगदत, हसत होती की रडत होती ते तिचं तोंड खाली असल्यामुळे मला कळलं नाही. पण कागद भिजला.

शेवटी सासूबाई दमून म्हणाल्या, "बरं, आता तो पेपर घ्या. कालचाही घ्या. परवाचाही."

सध्या मी लॅबमध्ये तिच्या कामाच्या जागेसमोर, खिडकीच्या कडेच्या भिंतीवर असतो. मालकांना मी तिथे असणं आवडत नाही, पण तिच्या वळ्यांच्या कवळ्या दवाखान्यांतून परत येत नाहीत, म्हणून गप्प आहेत. निळी पट्टी अजून दुमडलेलीच आहे. 'चकाकी' हे नाव मागे पडलं, आता मुलंमुली तिला चिडवून 'खडबडीतबाई' म्हणतात. ऊन थेट माझ्या अंगावर येतं. छापलेले रंग उडत चाललेत, मोठं नाव वाचता येत नाही, फोटो तर पार पुसट झाला. हातानं लिहिलेल्या त्या काळ्या ओळी मात्र राहिल्यात. नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, "कोणती कवळी? कुणाचे सासरे?" आणि तिला हातातलं काम ठेवून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

मला अजूनही चैन नाही. पंखा लागला की कोपरे उचलतात, आणि मनात येतं, आत्ता कुठल्या तरी व्हरांड्यात माझ्यासारखे किती जण टोचलेले असतील, अंगभर यश छापून. म्हणून जाता जाता तुम्हाला एक विनवणी करतो. परिषदेला गेलात तर आमच्यासमोरून जरा सावकाश जा. फोटो काढू नका, "छान" तर मुळीच म्हणू नका. शेजारी कुणीतरी हात मागे बांधून उभं असेल. त्याला विचारा, "तुमचं काय जमत नाहीये?" आधी तो दचकेल. इकडे तिकडे बघेल. मग बोलायला लागेल, आणि थांबणारच नाही. तुमचा चहा गार होईल, पुढचं भाषण चुकेल. चुकू द्या.